मूव्हमेंट रजिस्टर

नावं घेणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. कचेरीचं नाही, साहेबांचं नाही, आणि ज्यांच्या डोक्यातून निम्म्या करामती निघाल्या त्या आमच्या शिपाई चाचांचंही नाही. बिदरला जुन्या गावात, चौबाऱ्यापासून चालत पाच-सात मिनिटांवर एक सरकारी कचेरी होती, एवढं पुरे. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील. आता सगळे रिटायर झालेत, काही वर गेलेत.

मी १९८३ ला तिथं क्लार्क म्हणून लागलो. आम्ही चौदा जण. आमच्या कचेरीत तीन भाषा चालायच्या आणि त्यात कुणाला काही वेगळं वाटायचं नाही. कारण सगळ्यांना माहीत आहे. १९५६ ला निजामाचं राज्य वाटलं गेलं तेव्हा बिदर जिल्ह्याचेही तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा तिकडं गेले, जहीराबाद, नारायणखेड आंध्रात गेले, आणि बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात. माणसं मात्र होती तिथंच राहिली. माझी आत्या उदगीरला, मावशी भालकीला, आणि मधे राज्याची सीमा. तर कचेरीत फाईल कन्नडमध्ये, शिव्या दखनीत आणि डबा खाताना गप्पा मराठीत, असा कारभार. कन्नड बोलणारे मराठी समजायचे, आम्ही मोडकंतोडकं कन्नड बोलायचो, आणि चाचा तिन्हींची खिचडी करायचे.

१९८५ च्या शेवटी नवे साहेब आले. खाली म्हैसूरकडचे. माणूस हुशार, लाच घेत नव्हता, हे कबूल केलंच पाहिजे. पण डोळ्यात तेल घालून बसायचा, आणि ते तेल सगळं आमच्यावर. आल्या आल्या त्यांनी केबिनच्या लाकडी पार्टिशनला एक चौकोनी भोक पाडून काच बसवून घेतली. त्या काचेतून कोण काय करतंय ते दिसायचं. १० वाजून ५ मिनिटांनी मस्टरवर तांबडी रेघ. चहाला परवानगी. डब्यात काय आणलं हेसुद्धा विचारायचे. गंमत म्हणून नव्हे, "एवढं तेलकट खाऊन दुपारी झोप येते, काम होत नाही" म्हणून. काळ्या फोनच्या डायलला १ नंबरच्या भोकात छोटं कुलूप घातलं, किल्ली त्यांच्या जानव्याला. आणि मराठी ऐकलं की त्यांना वाटायचं आपल्याबद्दलच बोलतायत. (बहुतेक वेळा ते खरं होतं.)

त्यांचं कन्नड आणि आमच्या इकडचं कन्नड, त्यातही फरक. ते "बन्नी" म्हणायचे, इकडं "बर्री". आमचा कन्नडभाषक कॅशियर म्हणायचा, "मलाच त्यांचं अर्धं कळत नाही, तुम्हाला काय कळणार!"

मूव्हमेंट रजिस्टर म्हणजे काय ते नोकरी केलेल्यांना सांगायला नको, पण आमच्या सुनांना-नातवंडांना कळावं म्हणून सांगतो. कचेरीच्या कामासाठी बाहेर गेलात, कोर्टात, ट्रेझरीत, तर त्या वहीत लिहायचं. नाव, जायची वेळ, कारण, परत आल्याची वेळ, सही. ही वही सगळ्याच कचेऱ्यांत असते. आमच्या साहेबांनी लेखी हुकूम काढला की खुर्ची सोडली की नोंद. बाहेर गेला नाही, नुसती खुर्ची सोडली तरी. बायकांनासुद्धा. आमच्याकडं दोन बाया होत्या. त्यांनी 'कारण' या रकान्यात काय लिहायचं? हेडक्लार्क काका सांगायला गेले तर म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा."

इथवर आम्ही हसण्यावारी नेत होतो. चाचा भिंतीवरच्या चावीच्या घड्याळाला रोज सकाळी अर्धा मिनिट मागं सरकवायचे. महिन्याभरात तांबडी रेघ खऱ्या सव्वादहाला पडायला लागली. साहेबांनी स्वतःचं एचएमटीचं घड्याळ दोनदा दुरुस्तीला टाकलं.

मग ते पत्राचं झालं.

आमच्या टायपिस्ट बाई विधवा होत्या. एकच मुलगी, लग्नाची. बाईंच्या घरी दिवसा कुणी नसायचं, पत्रं पडून राहायची, म्हणून त्यांनी कचेरीचा पत्ता दिलेला. असे आम्ही सगळेच द्यायचो. साहेबांनी मात्र सगळं टपाल आपल्या टेबलावर घ्यायला सुरुवात केली आणि खासगी पत्रंही फोडून बघायला लागले. उदगीरच्या एका स्थळाकडून पत्र आलं, रविवारी मुलगी बघायला येतो, उलट कळवा. साहेबांनी ते फोडलं, मराठी वाचता येईना, बाजूला ठेवलं. बाजूला म्हणजे ड्रॉवरमध्ये. नऊ दिवसांनी बाईंना केबिनमध्ये बोलावून दिलं, वर "ऑफिसच्या पत्त्यावर खासगी पत्र चालणार नाही" हे सुनावलं. तो रविवार उलटून गेला होता.

बाई केबिनमधून बाहेर आल्या, टाईपरायटरसमोर बसल्या आणि उरलेलं पत्रक टाईप करायला लागल्या. काही बोलल्या नाहीत. चाचांनी ते पत्र उचलून हेडक्लार्क काकांना दिलं, काकांनी वाचलं आणि मला म्हणाले, "ट्रंककॉल लाव."

फोनला कुलूप. पण ज्यांनी ते काळे फोन वापरलेत त्यांना ठाऊक असेल, रिसिव्हर ठेवायची जी बटणं असतात ती बेताच्या लयीत दाबली की नंबर लागतो. डायल म्हणजे तरी काय, तेवढ्याच वेळा लाईन तोडणं. एकसाठी एकदा, आठसाठी आठदा, शून्यासाठी दहादा. ट्रंक बुकिंगचा नंबर १८०. एकूण एकोणीस टकटकी, मधे थांबायचं, आणि एक चुकली की पहिल्यापासून. साहेब जेवायला घरी गेलेले. मी तिसऱ्या खेपेला लावला. उदगीरच्या मोंढ्यातल्या एका अडत दुकानात फोन होता, तिथं पीपी कॉल. पाऊण तासानं लागला. बाई बोलल्या. पलीकडून सांगितलं, उत्तर आलं नाही म्हणून आम्ही दुसरीकडं बोलणं केलं, सुपारी फुटली.

हेडक्लार्क काकांनी फोनच्या वहीत स्वतःच्या हातानं नोंद केली, 'खासगी कॉल, आकार जमा', आणि पैसे कॅशियरकडं भरले. दुसऱ्या दिवशी साहेबांनी वही बघितली. भडकले. "कुलूप कुणी उघडलं?"

काका म्हणाले, "कुणीच नाही सर. बघा ना, आहे तसंच आहे."

त्या संध्याकाळी आम्ही सातआठ जण चौबाऱ्याजवळच्या हॉटेलात बसलो. तरणी पोरं आम्ही, डोकी तापलेली. एकजण म्हणाला, त्यांच्या नावानं बेंगळूरला अर्ज ठोकू, पैसे खातो म्हणून. दुसरा म्हणाला, एक फाईलच गायब करू, महत्त्वाची. मी म्हणालो, कोऱ्या कागदावर त्यांची सही घेऊ, रोज शंभर कागदांवर सह्या करतात, एक कुठं कळतोय.

काका कुलकर्ण्यांच्या घरचे, उर्दू मीडियममधून शिकलेले, मोडी येणारे. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. ते म्हणाले, "पोरांनो, कुठल्या गावात बसून बोलताय हे? कोऱ्या कागदावर शिक्का घेऊन या गावात काय झालं, माहीत आहे का?" मग त्यांनी महमूद गवानचं सांगितलं. आम्ही लहानपणापासून त्या मदरशाच्या सावलीत गोट्या खेळलो, पण हे नीट कुणी सांगितलं नव्हतं. गवान बहामनी सुलतानाचा वजीर. १४७२ ला मदरसा बांधला. कडक माणूस. सरदारांच्या जहागिऱ्यांवर, हिशेबांवर त्याची नजर, त्यामुळं शत्रू पुष्कळ. त्यांनी त्याच्या शिक्का सांभाळणाऱ्या माणसाला फितवून कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला, आणि वर ओरिसाच्या राजाला पत्र लिहिलं की या, राज्यावर चाल करा. सुलतान नशेत होता. १४८१ साली गवानचं मुंडकं उडालं. वर्षभरात सुलतानही गेला, आणि पुढं ते राज्यच फुटलं.

"आता बोला," काका म्हणाले, "आपला साहेब गवान नाही. पण आपण ते सरदार व्हायचं का? खोटी सही नाही, खोटा अर्ज नाही, फाईलला हात नाही, आणि खेड्यावरून आलेल्या माणसाचं काम अडायचं नाही. बाकी काय करायचं ते करा. त्यांनी सांगितलेलं ऐका फक्त. सगळं ऐका."

चाचांना ते बरोबर कळलं. चहाचा घोट घेऊन म्हणाले, "हौ. साब जो बोले, वैसाच करेंगे. पूरा करेंगे."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही ऐकायला लागलो.

पहिलं चहाचं. चहाला परवानगी, ठीक. आम्ही एकेक जण जायचो. दार वाजवायचं, आत जायचं, "सर, चहा घेऊ?" तो बाहेर आला की दुसरा. चौदा जण, सकाळी एकदा, दुपारी एकदा. तिसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, एकदम विचारत जा. काकांनी नम्रपणे विचारलं, "सर, एकदम विचारायचं तर सगळ्यांना खुर्ची सोडावी लागेल. रजिस्टरमध्ये चौदा नोंदी करू का?"

मग टपाल. खासगी पत्र चालणार नाही, असं साहेब तोंडी म्हणाले होते, पण लेखी हुकूम एवढाच होता की सगळं टपाल आधी साहेबांनी बघायचं. आम्ही आपापल्या नातेवाइकांना सांगितलं, पत्रं टाका. पोस्टकार्ड १५ पैशाला होतं तेव्हा. भालकीहून, बसवकल्याणहून, आळंदहून, सोलापूरहून कार्डं यायला लागली, रोज वीस-पंचवीस. माझी आत्या तर उत्साहानं दोन-दोन टाकायची. त्यात काय असायचं? गुडघा दुखतो, म्हैस व्याली, तुरीला यंदा शेंग बरी आहे. काकांनी आपल्या धाकट्या भावाला मोडीत लिहायला सांगितलं. मोडी म्हणजे हात न उचलता लिहिलेली सलग लिपी, येत नसेल त्याला वेलबुट्टीच वाटते. साहेबांनी ते कार्ड सरळ धरलं, उलटं धरलं, काचेतून आम्ही बघतोय हेही विसरले. ते वर्षही नाजूक होतं. त्या जूनमध्ये बेळगावात कन्नडसक्तीविरुद्ध आंदोलन पेटलेलं, पेपरात रोज बातम्या. साहेबांना वाटलं, गुप्त लिपीत काहीतरी शिजतंय. काकांना बोलावून म्हणाले, शब्दन् शब्द वाचा. काकांनी शब्दन् शब्द वाचला. शिरसाष्टांग नमस्कारापासून सुरुवात, मग घरातल्या अकरा जणांची खुशाली, मग विहिरीच्या मोटरचं वायंडिंग. वीस मिनिटं. वर कन्नडमध्ये भाषांतर. असं दररोज दुपारी तीनला.

मराठीचं सगळ्यात भारी झालं, आणि ते आम्ही ठरवलंही नव्हतं. बेळगावच्या बातम्या वाचून साहेबांनी फर्मान काढलं, ऑफिसात मराठी नको, "कन्नडदल्ली माताडी." लोकांशीसुद्धा. आता औराद, कमलनगरकडून येणारा म्हातारा शेतकरी कन्नड कुठून बोलणार? चाचांनी शांतपणे त्यांना एकेक करून केबिनमध्ये नेलं. साहेब म्हणाले, "एन्री इदु?" चाचा म्हणाले, "साब, इनको कन्नड आता नै. हमारेकू मराठी बोलना मना है. आपीच साब, आपी देखो."

पहिल्या दिवशी सहा जण. दुसऱ्या दिवशी अकरा. एक म्हातारबाबा तर खुर्चीवर पाय वर घेऊन बसले आणि त्यांनी आपली हकीकत बहात्तरच्या दुष्काळापासून सुरू केली. साहेबांना काही कळेना आणि उठवताही येईना, कारण म्हातारा मधेच डोळे पुसत होता. शेवटी साहेबांनी त्यांचे कागद स्वतः बघितले, हातानं खुणा करत करत, आणि तिथल्या तिथं सही केली. जे काम आमच्या टेबलांवरून फिरून तीन आठवड्यांनी झालं असतं ते तासाभरात झालं. गावात बातमी पसरली की बिदरचे साहेब स्वतः बसवून काम करतात. आठवडी बाजाराच्या दिवशी रांग लागली! आठवड्यानं फर्मान कुणी मागं घेतलं नाही, पण त्याबद्दल कुणी बोलेनासंही झालं. वर एक गोष्ट झाली. साहेबांना "बसा", "कागद", "उद्या या" एवढं मराठी यायला लागलं. त्यांचं "बसा" ऐकून आम्हाला हसू यायचं, पण खरं सांगतो, शेतकऱ्यांना बरं वाटायचं.

आता रजिस्टर. आम्ही इमानदारीत लिहायचो. पाणी प्यायला गेलो, ११.१२ ते ११.१४. पेन्सिल पडली, उचलली, खुर्ची सोडावी लागली, ११.२०. पंखा बंद केला. पंखा लावला. बायकांनी आधी घुटमळत, मग एकदा मोठ्या बाईंनी पदर खोचला आणि ठळक अक्षरात लिहिलं, 'नैसर्गिक कारण', पाच मिनिटं. आणि सगळ्यात जास्त नोंदी कुठल्या, तर 'साहेबांनी बोलावले.' कारण साहेब घंटी वाजवायचे आणि आम्हाला खुर्ची सोडावीच लागायची. दोनशे पानांची वही अडीच आठवड्यांत संपली. नव्या वहीसाठी मागणीपत्र, त्यावर साहेबांची सही. दुसरी संपली. तिसरी. स्टोअरकीपरनं विचारलं, तुमच्याकडं काय चाललंय, जनगणना?

टायपिस्ट बाई या कशातच नव्हत्या. त्या फक्त रजिस्टर भरायच्या. त्यांच्या नोंदी कमी, अक्षर सुंदर.

डिसेंबरात गुलबर्ग्याहून वरचे अधिकारी वार्षिक तपासणीला आले. ते कॅशबुक बघतात, आवक-जावक बघतात, स्टॉक बघतात. त्यांनी स्टॉकमध्ये बघितलं, सहा महिन्यांत मूव्हमेंट रजिस्टर आठ. म्हणाले, आणा. चाचांनी आठही वह्या डोक्यावरून आणल्यासारख्या आणून टेबलावर रचल्या. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर साहेबांचा सहीचा हुकूम डकवलेला होता, तोही काकांचाच आग्रह.

अधिकारी वाचायला लागले. आधी हसले. मग हसायचे थांबले. एक पान घेऊन मला बोलावलं. माझ्याच नोंदी होत्या. त्या एका दिवसात मला साहेबांनी एकोणीस वेळा बोलावलेलं. त्यांनी जावक रजिस्टर मागवलं आणि तीच तारीख काढली. त्या दिवशी माझ्या टेबलावरून एकही पत्र बाहेर गेलं नव्हतं. त्यांनी दुसरी तारीख काढली, दुसऱ्या क्लार्कची. मग तिसरी. दोन वह्या शेजारी शेजारी ठेवून तासभर बघत बसले. आम्ही एक शब्दही बोललो नाही, बोलायची गरज नव्हती. वहीत एक अक्षर खोटं नव्हतं. मग त्यांनी 'नैसर्गिक कारण' वाचलं, दोन्ही बायांकडं बघितलं आणि वही मिटली.

केबिनचं दार लावून दोघं बोलले. काय बोलले ते काचेतून ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं. संध्याकाळी हुकूम मागं. खासगी टपाल ज्याचं त्याला. फोनचं कुलूप राहिलं, पण त्याचा उपयोग काय होता ते आम्हालाही ठाऊक होतं आणि त्यांनाही.

बऱ्याच वर्षांनी लेकानं मोबाईलवर दाखवलं, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हेरखात्यानं १९४४ ला एक पुस्तिका काढली होती. शत्रूच्या मुलखातल्या साध्या माणसांनी कामात खोडा कसा घालावा त्याबद्दल. त्यात ऑफिसांसाठी सल्ला काय, तर प्रत्येक गोष्ट नियमाप्रमाणेच व्हावी असा हट्ट धरा, सगळं कमिटीकडं सोपवा. मी म्हणालो, आमच्या चाचांना हे कुणी शिकवलं होतं रे? लेक पुण्यात आयटीत आहे. त्यांच्या लॉगिनची, माऊस किती हलला याची नोंद कॉम्प्युटरच ठेवतो म्हणे. लोक माऊस आपोआप हलवणारं यंत्र विकत घेतात. २०२४ ला अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेनं काम चालू असल्याचं भासवणाऱ्या डझनभराहून जास्त लोकांना काढून टाकलं. मला ते काही पटलं नाही. माऊस हलवणं म्हणजे खोटं लिहिणं झालं. आणि लेकाच्या ऑफिसात वही नाही, वरून तपासणीला येऊन ती उघडणारा माणूसही नाही. सगळं यंत्रात जातं, आणि ते यंत्र साहेबाचं.

साहेबांची बदली तपासणीमुळं झाली नाही. त्यांची तीन वर्षं भरली तेव्हाच झाली. शेवटच्या दोन वर्षांत ते बरेच निवले होते. पार्टिशनच्या काचेवर त्यांनीच कॅलेंडर लावलं. निरोपाला आम्ही वर्गणी काढून बिदरीचं पानदान घेतलं, काळ्याभोर जस्तावर चांदीची वेलबुट्टी. साहेब भाषणात कन्नडमध्ये बोलले आणि शेवटी मराठीत म्हणाले, "उद्या या." सगळे हसले, तेही हसले. त्यांना बहुतेक 'पुन्हा भेटू' म्हणायचं होतं.

टायपिस्ट बाईंनी वर्गणी दिली नाही. कुणी मागितलीही नव्हती. समारंभाला आल्या, मागच्या बाकावर बसल्या, चिवडा घेतला. त्यांच्या मुलीचं पुढं १९८९ ला भालकीला झालं, चांगलं घर मिळालं, आता नातू इंजिनिअर आहे. लग्नपत्रिका बाईंनी कचेरीतल्या प्रत्येकाच्या हातात दिली. पोस्टानं एकही पाठवली नाही.